वादळाच्या वाटेशेजारचे गाव



वादळाचा इतिहास लिहिणारे बहुधा ज्या गावावर ते आदळले त्या गावाचा इतिहास लिहितात, आणि ते स्वाभाविकच आहे. आज मात्र मी शेजारच्या गावाविषयी बोलणार आहे. वादळ ज्याच्या अंगणातून गेले पण घरात शिरले नाही, ज्याची चार कौले उडाली पण भिंती उभ्या राहिल्या, अशा गावाच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एक चमत्कारिक कर्तव्य येते. स्वतःचे छप्पर शाकारायचे की शेजाऱ्याकडे धावायचे, हा प्रश्न त्याला सोडवावा लागतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरावर हा प्रसंग पुनःपुन्हा आला, आणि दर वेळी त्याने दिलेले उत्तर सारखे नव्हते.

प्रथम थोडे वादळाविषयी. अटलांटिक महासागरात ज्याला 'हरिकेन' म्हणतात ते आपल्याकडचे चक्रीवादळच होय, फरक समुद्राचा. ते भोवऱ्यासारखे फिरत पुढे सरकते. उत्तर गोलार्धात त्याचा फेर घड्याळाच्या काट्यांच्या उलट असल्यामुळे त्याच्या वाटेच्या उजव्या बाजूस वारा समुद्राचे पाणी जमिनीवर लोटतो, तर डाव्या बाजूस तोच वारा पाणी मागे ढकलतो. म्हणजे पन्नास-शंभर मैलांच्या फरकाने एक गाव बुडते आणि दुसऱ्याची नुसती झाडे पडतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागले, तेथून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि मुंबई थोडक्यात बचावली, हे आपण सर्व जाणताच. वाचलेल्या गावाचे त्यात कर्तृत्व काही नसते. ही गोष्ट त्या गावाला ठाऊकही असते, आणि तिचा त्याच्या दातृत्वाशी फार निकटचा संबंध आहे असे मला वाटते.

१९०० साली टेक्सासच्या किनाऱ्यावर दोन शहरांची चढाओढ चालू होती. गॅल्व्हेस्टन हे एका लांबट वाळूच्या बेटावरचे बंदर. कापसाच्या निर्यातीवर ते गबर झाले होते. लोकवस्ती ३७,७८९. पन्नास मैल आत ह्यूस्टन, लोकवस्ती ४४,६३३. रेल्वेचे फाटे तेथे मिळत, आणि आपल्या उथळ खाडीतून कालवा काढून गॅल्व्हेस्टनला बाजूस सारून थेट समुद्र गाठावा अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. दोन्ही गावांचे व्यापारी एकमेकांस पाण्यात पाहत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

गॅल्व्हेस्टनची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी उंच होती. भिंत बांधावी अशी सूचना पूर्वी झाली होती. परंतु तेथील हवामान खात्याचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये एका लेखात, मोठ्या वादळाची भीती बाळगणे हा निव्वळ भ्रम आहे, असा निर्वाळा दिला होता. ८ सप्टेंबर १९००, शनिवार, या दिवशी पाणी पंधरा फुटांहून अधिक चढले. वादळाचा डोळा शहराच्या किंचित पश्चिमेकडून गेला, म्हणजे शहर नेमके त्याच्या उजव्या हातास सापडले. ३,६०० हून अधिक घरे नाहीशी झाली. मेलेल्यांची नक्की गणती कधीच झाली नाही. शहरात सुमारे ६,००० आणि आसपासचा मुलूख धरून ८,००० किंवा त्याहून अधिक, असा अंदाज करतात. सेंट मेरी अनाथालयातील नव्वद मुले आणि दहा जोगिणी गेल्या. जोगिणींनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधले होते. क्लाइन यांची पत्नीही त्या रात्री गेली.

त्याच रात्री ते वादळ ह्यूस्टनवरूनही गेले. छपरे उडाली, चर्चचे मनोरे कोसळले, खिडक्या फुटल्या. रविवारी सकाळी ह्यूस्टनकर आपापल्या अंगणातील मोडतोड आवरत असता त्यांच्या ध्यानात आले की गॅल्व्हेस्टनहून एकही तार येत नाही. बेटाला जोडणारे चारही पूल वाहून गेले होते, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. त्या दिवशी ह्यूस्टनहून एक आगगाडी किनाऱ्याकडे निघाली. खाडी सहा मैलांवर असताना तिला थांबावे लागले. माळरानावर लाकूडफाटा आणि प्रेते पसरली होती. डब्यातून दिसली तेवढी प्रेते लोकांनी मोजली, ती दोनशेच्या घरात भरली. समुद्रापासून दोन मैल आत एक भली मोठी आगबोट रुतून बसली होती. गाडी रात्री परत आली आणि ह्यूस्टनच्या तारमास्तराने ही बातमी पुढे धाडली.

तिकडे गॅल्व्हेस्टनच्या नागरिक समितीने सहा माणसांना, शाबूत राहिलेल्या मोजक्या होड्यांपैकी एकीत बसवून खाडीपार धाडले होते. पडत-धडपडत ते सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास ह्यूस्टनला पोहोचले आणि तेथून त्यांनी राज्याचे गव्हर्नर सेयर्स व राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांस तारा केल्या. पाचशे माणसे मेली असावीत, असे त्यांनी कळवले. हा आकडा फार फुगवलेला आहे असे पुष्कळांस वाटले!

त्या सोमवारपासून ह्यूस्टन हे गॅल्व्हेस्टनचे दार बनले. पिण्याचे पाणी, पाव, औषधे आणि माणसे आगगाडीने खाडीच्या काठापर्यंत आणि पुढे होडीने जात. पाण्याचा उल्लेख मी मुद्दाम प्रथम केला. चहूकडे पाणी असलेल्या त्या बेटाला गोड्या पाण्याचा नळ खाडीच्या तळावरून मुख्य भूमीकडून येत असे आणि वादळाने शहराची पाणीव्यवस्थाच मोडली होती. परतीच्या गाड्यांतून हजारो निर्वासित ह्यूस्टनला येत. त्यांची राहण्याखाण्याची सोय तेथे होई आणि ज्यांचे नातेवाईक दूर गावी असत त्यांना रेल्वे कंपन्या फुकट पास देत. नुसती मौज पाहायला जाणाऱ्यांना मात्र मज्जाव होता. तसे लोकही होतेच. ते कोणत्या देशात नसतात? २१ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या तेरा दिवसांत, पूल उभा करून पहिली गाडी बेटावर नेली गेली.

हे सारे करणारे गाव प्रतिस्पर्धी होते, हे आपण विसरू नये. ह्यूस्टनच्या व्यापाऱ्यांच्या मनात त्या आठवड्यात काय चालले होते हे कोण सांगणार? पुढे काय घडले ते मात्र सांगता येते. जानेवारी १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झरा लागला आणि १९१४ साली ह्यूस्टनचा जहाजांचा कालवा खुला झाला. भांडवलाला आता सुरक्षित, आतल्या भागातले बंदर हवे होते. गॅल्व्हेस्टन मागे पडले ते कायमचे. याचा अर्थ १९०० चे औदार्य ढोंगी होते असा मी मुळीच करणार नाही. एकच माणूस सकाळी शेजाऱ्याला पाव नेऊन देतो आणि दुपारी त्याचे गिऱ्हाईक घेतो. दोन्ही कृत्ये त्याचीच आणि दोन्ही खरी. इतिहासकाराने दोन्ही नोंदवावीत.

आता दानाच्या त्या अंगाकडे वळू, ज्याविषयी उत्सवी भाषणांत बोलत नाहीत. देशभरातून व परदेशांतून गॅल्व्हेस्टनला सुमारे साडेबारा लाख डॉलर जमले. ते वाटायचे कोणी? महापौर वॉल्टर जोन्स यांच्या प्रेरणेने एक मध्यवर्ती समिती झाली. तीत सावकार आयझॅक केम्प्नर होते, ज्यू धर्मगुरू हेन्री कोहेन आणि कॅथलिक पाद्री जेम्स कर्विन हेही पुढारीपणाने वावरत होते. एका गावात राबाय आणि पाद्री खांद्याला खांदा लावून चिखलात उभे राहिले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण त्याच गावात प्रेते उचलण्याचे काम बंदुकीच्या धाकाने कृष्णवर्णीयांकडून करून घेतले गेले. ते काम शुद्धीत राहून करवत नाही म्हणून त्यांना व्हिस्की पाजीत. सुमारे सातशे प्रेते एका पडावावर लादून, वजने बांधून समुद्रात टाकली. ती लाटांनी परत आणून किनाऱ्यावर टाकली, तेव्हा पुढे आठवडेच्या आठवडे जागोजाग चिता पेटत राहिल्या. इतक्यावरही भागले नाही. कृष्णवर्णीय लोक प्रेतांवरील अंगठ्या लुटतात आणि त्यांना डझनावारी गोळ्या घातल्या जात आहेत, अशा बातम्या देशभरच्या वृत्तपत्रांनी छापल्या. पुढील संशोधकांना त्यांतील बहुतेकींना आधार सापडला नाही. ज्यांच्या हातून ते भयंकर काम उरकले गेले त्यांच्याच नावावर चोरीचा डाग राहिला.

सप्टेंबरच्या मध्यास क्लॅरा बार्टन आल्या. अमेरिकेतील रेडक्रॉसच्या त्या संस्थापक, वय अठ्ठ्याहत्तर. १८८९ साली पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन गाव धरण फुटून बुडाले तेव्हा त्या तेथे पाच महिने राहिल्या होत्या. गॅल्व्हेस्टन हे त्यांचे शेवटचे क्षेत्र ठरले. आल्यावर त्या आजारी पडल्या, पण नोव्हेंबरपर्यंत हलल्या नाहीत. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. मदतवाटपात स्त्रियांना जागा मिळावी असा त्यांचा आग्रह होता आणि कृष्णवर्णीयांची एक स्वतंत्र शाखाही रेडक्रॉसने तेथे उघडली. स्वतंत्र म्हणजे वेगळी. वर्णभेदाची भिंत त्यांनीही पाडली नाही, हे नमूद केलेच पाहिजे. दुसरी गोष्ट स्ट्रॉबेरीची. खाडीपलीकडच्या शेतकऱ्यांचे स्ट्रॉबेरीचे मळे खाऱ्या पाण्याने जळून गेले होते. त्यांना जुने कोट आणि पावाचे तुकडे यांपेक्षा काय हवे आहे, हे बाईंनी विचारून घेतले आणि पंधरा लाख रोपे मिळवून दिली. हंगाम साधेल अशा बेताने ती लावली गेली. उलट दूरच्या दात्यांनी काय काय धाडले त्याच्या कथा आहेत. एका पेटीत उंची जोडे निघाले, ते सगळे एकाच पायाचे. फिरत्या विक्रेत्याचे नमुने होते म्हणे! दात्याचा हेतू वाईट नसेलही. अडगळ काढण्याची संधी साधून घेण्याची ही रीत आपल्याकडेही पूर, भूकंप झाला की पाहायला मिळते. फाटकी वस्त्रे गोळा करून ट्रकभर धाडणारी मंडळी या सभागृहात नसतील असे मी धरून चालतो.

येथे आपल्या मुलखाचा एक धागा जुळतो. त्याच १९०० साली मुंबई इलाखा व पश्चिम हिंदुस्थान भीषण दुष्काळाने होरपळत होता. अमेरिकेतील 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी जमवली आणि मे महिन्यात 'क्विटो' नावाचे जहाज दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईस निघाले. चार महिन्यांच्या आत त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन बुडाले. तेथील लहान लहान वर्गणीदारांची थैली त्या वर्षी दोनदा सुटली.

गॅल्व्हेस्टनने स्वतः काय केले तेही थोडक्यात सांगतो. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंच दगडी-काँक्रीटची भिंत बांधली. तिच्यासाठी जिल्ह्याने काढलेले पंधरा लाख डॉलरचे रोखे खुद्द गावकऱ्यांनी विकत घेतले. मग १९११ पर्यंत दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली वाळूचा भराव घातला. गावाचीच उंची वाढवली म्हणा ना! भरावाच्या खाऱ्या वाळूने झाडे मेली, तेव्हा ज्या स्त्रिया वादळानंतरच्या सेवाकार्यात प्रथम घराबाहेर पडल्या होत्या, त्यांच्या संघटनेने गावभर पुन्हा झाडे लावली. १९१५ चे वादळ जवळजवळ तितकेच मोठे होते. भिंतीआड माणसे मोजकीच दगावली.

मधली शंभर वर्षे सोडून २००५ कडे येऊ. २९ ऑगस्टला 'कतरिना' वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यास लागले आणि बांध फुटून न्यू ऑर्लिन्स बुडाले. ह्यूस्टन तेथून सुमारे साडेतीनशे मैल पश्चिमेस. ते वादळाच्या वाटेपासून दूर होते, पण माणसांच्या वाटेवर होते. तेथले 'अ‍ॅस्ट्रोडोम' हे १९६५ साली बांधलेले छपराचे क्रीडागार तेव्हा जवळजवळ निरुपयोगी पडून होते. काही तासांच्या सूचनेवर ते उघडले गेले. बसगाड्या येऊ लागल्या आणि त्या आवारात पंचवीस हजारांहून अधिक माणसे उतरली. शहरात एकूण दीड ते अडीच लाख आली असा अंदाज आहे. आवाराला स्वतंत्र पोस्टल पत्ता मिळाला. वैद्यकीय महाविद्यालय व जिल्हा रुग्णालये यांनी उभारलेल्या दवाखान्यांत दहा हजारांवर लोकांना तपासले गेले. महापौर बिल व्हाइट आणि जिल्ह्याचे प्रमुख रॉबर्ट एकल्स हे परस्परविरोधी पक्षांचे, पण त्या दिवसांत एका टेबलाशी बसत. शहरातील चर्चे, देवळे, मशिदी यांनी जेवणाचे दिवस वाटून घेतले. त्यांत ११ सप्टेंबर हा दिवस मुस्लिम समाजाने आपल्या वाट्याला घेतला. अमेरिकेत त्या तारखेचा अर्थ काय हे सांगायला नको.

त्याच आठवड्यातला एक उलटा दाखला सांगतो. न्यू ऑर्लिन्सच्या समोर, मिसिसिपी नदीच्या पैलतीरी ग्रेटना नावाचे छोटे गाव आहे. सुरुवातीस त्याने काही हजार लोकांना बसने पुढे पोहोचवले. १ सप्टेंबरला मात्र पूल ओलांडून पायी येणाऱ्या निर्वासितांना त्या गावच्या पोलिसांनी अडवले, डोक्यांवरून गोळ्या झाडल्या आणि मागे फिरवले. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय होते. आमच्याकडे अन्न नाही, पाणी नाही, निवारा नाही, असे गावाचे म्हणणे. नगरसभेने पोलिसांच्या पाठीशी ठराव केला. ग्रेटनाकर मनाने इतरांहून दुष्ट होते असे मानायला मी तयार नाही. ते गाव स्वतःच अर्धमेले झाले होते. पण ह्यूस्टनलाही पुढचा आठवडा कसा निघेल याची खात्री कोठे होती?

ती खात्री लवकरच नाहीशी झाली. 'रिटा' नावाचे दुसरे वादळ थेट ह्यूस्टनवर येणार असे भाकीत झाले. अ‍ॅस्ट्रोडोममधील पाहुण्यांना घाईने पुढे अन्य राज्यांत हलवले गेले आणि यजमान स्वतःच पळत सुटले. पंचवीस लाखांवर माणसे रस्त्यांवर आली. शंभर-शंभर मैलांच्या रांगा, प्रखर ऊन, पेट्रोल संपलेले. वृद्धाश्रमातील लोकांना नेणाऱ्या एका बसने पेट घेतला, तीत तेवीस जण गेले. आणि २४ सप्टेंबरला वादळ पूर्वेकडे वळून लुइझियानाच्या सीमेवर आदळले. वादळापेक्षा पळापळीतच अधिक माणसे मेली.

पाहुणे मात्र गेले नाहीत. केंद्र सरकारची वाट न पाहता शहराने तीस हजारांहून अधिक बिऱ्हाडे भाड्याने घेऊन दिली होती. सणाचे दिवस सरले आणि नित्याचे सुरू झाले. शाळांत गर्दी झाली, गुन्हे वाढल्याची ओरड झाली, वर्तमानपत्रांतून पत्रे येऊ लागली, स्वागत करणाऱ्या तोंडांतूनच कुरकुर निघू लागली. पुढे विद्वानांनी आकडे तपासले, तेव्हा गुन्ह्यांचा जो दोष पाहुण्यांवर लादला गेला तो बहुतांशी वाजवीपेक्षा फार मोठा होता असे दिसले. १९०० च्या अंगठ्यांच्या गोष्टीची येथे आठवण व्हावी. तरीही, भाड्याचे करार शहराने मोडले नाहीत. कुरकुरत का होईना, शाळांनी मुले ठेवून घेतली. मला विचाराल तर पहिल्या रात्री ब्लँकेट घेऊन धावलेल्या हजारो स्वयंसेवकांपेक्षा तिसऱ्या वर्षी वर्गात दोन बाके वाढवणारा हेडमास्तर मला मोठा दाता वाटतो. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये 'आयक' वादळाने गॅल्व्हेस्टनला पुन्हा झोडपले; पाणी या खेपेस भिंतीला वळसा घालून खाडीच्या बाजूने शिरले. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये 'हार्वी' आले. ते किनाऱ्यास लागले दूर रॉकपोर्टपाशी, पण तेथून हलेना. चार दिवस ह्यूस्टनवर पाऊस कोसळत राहिला आणि सदैव वाटेशेजारी राहिलेले ते शहर स्वतःच बुडाले. छपरांवर माणसे बसली होती, सरकारी नावा अपुऱ्या पडल्या. तेव्हा पूर्वेकडून हमरस्त्याने मोटारींच्या मागे सपाट बुडाच्या मासेमारीच्या होड्या बांधलेली रांग येताना दिसली. ती लुइझियानाची माणसे होती. कोळी, सुतार, दुकानदार. 'कतरिना'त आपापल्या होड्या घेऊन शेजाऱ्यांना काढायला गेले तेव्हापासून त्यांना 'केजन नेव्ही' हे नाव पडले होते. त्यांनी कोणाची परवानगी विचारली नाही. पाणी कोठून सुरू होते एवढे विचारले आणि होड्या उतरवल्या.